करड्या काठाचं कार्ड

बुइटनव्हेल्डर्ट, आमस्टरडॅम
रविवार, २० नोव्हेंबर २००५

प्रिय शैला,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. तू म्हणशील, आशुतोष दर रविवारी फोन लावून देतो, मग दादाला पत्राची काय हौस. फोन दिवाणखान्यात आहे. तो स्पीकरवर लावतो, "बाबा, बोला ना आत्याशी," म्हणतो, आणि मग मुलगा आणि सून दोघंही माझ्या तोंडाकडे बघत बसतात. अशा फोनवर 'सगळं छान आहे' याच्यापुढे माणूस काय बोलणार?

छानच आहे तसं. घर चौथ्या मजल्यावर आहे, उबदार आहे. दार आपोआप लागतं. दोनदा मी किल्ली आत ठेवून बाहेर राहिलो आणि आशुतोष ऑफिसातून येईपर्यंत जिन्यात उभा होतो. तेव्हापासून मी एकटा लांब जात नाही. रस्त्यावर सायकली इतक्या मुकाट्याने अंगावर येतात की घंटी ऐकू येईपर्यंत सायकल निघून गेलेली असते आणि बसणारा मागे वळून काहीतरी म्हणतो. काय म्हणतो ते कळत नाही, आणि ते बरंच आहे. रोज अकरा वाजता मी लिफ्टने खाली जाऊन टपालाची पेटी उघडतो. पेटीची किल्ली माझ्याकडे आहे. घरात माझं खातं म्हणशील तर एवढं एकच.

माझ्या राहण्याच्या परवान्याचा अर्ज सरकारकडे पडून आहे. निकाल लागायच्या आत देश सोडला तर अर्ज बाद होतो, असं आशुतोषच्या ऑफिसातला कोणीतरी म्हणाला. मिरजेची खोली आपण सोडून दिली. म्हणजे इथून हलता येत नाही आणि तिथे जायला जागा नाही. हे फोनवर बोललो तर मुलाला वाईट वाटेल, म्हणून तुला लिहितो. तूही फोनवर काढू नकोस.

आता एक विचारायचं आहे. मृण्मयीचं तुला माहीत आहे, पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवत होती. इथे नवऱ्याच्या मागे आली आणि दीड वर्ष नुसती बसून होती. उन्हाळ्यापासून तिने घरात वर्ग काढला आहे. दर मंगळवारी दहा वाजता तीन जपानी बायका येतात. इथे जवळच आमस्टलफेनमध्ये जपानी लोकांची मोठी वस्ती आहे. मोठ्या ओकुमुराबाई पंचावन्नच्या असतील, त्यांचे यजमान त्यांच्या कंपनीत सगळ्यांचे साहेब. दुसऱ्या मियाकेबाई, तिशीतल्या, बोलक्या. तिसरी अगदी पोरसवदा, ती नुसती मान हलवते. दारात चपला इतक्या नीट लावून ठेवतात की मला माझ्या चपलेची लाज वाटते. मला 'ओतोसान' म्हणतात, म्हणजे वडील.

सध्या धडा चालू आहे तो विशेषणांचा. इंग्रजीत एका नामाआधी तीन-चार विशेषणं आली तर त्यांचा क्रम ठरलेला असतो म्हणे. आधी तुमचं मत, मग आकारमान, मग वय, मग रंग, मग कुठलं, मग कशाचं. मृण्मयी सांगते, जपानी भाषेत विशेषण आपल्यासारखंच नामाआधी येतं, पण इतकी विशेषणं ते लोक एका नामावर लादतच नाहीत. दोनवर थांबतात, उरलेली पुढच्या वाक्यात. त्यामुळे त्या बायका चुकतात. माझा पितळी गडू टेबलावर ठेवून तिने विचारलं, तर ओकुमुराबाई म्हणाल्या, "ब्रास ओल्ड लिटल लव्हली पॉट." मृण्मयी म्हणाली, उलटीकडून बरोबर!

शब्दांची कार्डं मी कापून देतो. चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले, हात अजून सरळ चालतो. मताची कार्डं पिवळी, आकाराची हिरवी, असं केलं आहे. बायका ती कार्डं ओळीत लावतात आणि मी आतून बघतो. पण शैला, मत सगळ्यात आधी, हे मला पटलं नाही. आपल्या घरात मत शेवटी सांगायचं असायचं, तेही कोणी विचारलं तर. तू तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंस. हा नियम खरा आहे का? की मृण्मयी त्या बायकांना काहीतरी चुकीचं शिकवते आहे? जानेवारीपासून ओकुमुरासाहेब तिला कंपनीतल्या पंधरा जणांचा वर्ग देणार आहेत. चुकीचं शिकवलं तर सगळंच हातचं जाईल. आणि परवा ती आशुतोषला स्वयंपाकघरात म्हणाली, "हा वर्ग मिळाला नाही तर मी पुण्याला परत जाते. नुसती बसायला नाही आले मी." मी भिंतीआड होतो. ती गेली तर या घरात आम्ही दोघं पुरुष आणि एक आपोआप लागणारं दार.

तुझा,
दादा

मिरज
शुक्रवार, २ डिसेंबर २००५

दादा,

तुझं पत्र आलं. चार पानांत काळजी नाही असं एक वाक्य सापडेल म्हणून दोनदा वाचलं. नाही सापडलं.

नियम खरा आहे. तीस वर्षांत मी तो कधी शिकवला नाही, कारण मलाच तो नियम म्हणून कोणी सांगितला नव्हता. कानाला बरं लागेल ते लिहायचो. रवींद्रना म्हणजे तुझ्या मेव्हण्यांना विचारलं, तर म्हणाले, "इंग्रज माणूस वस्तू बघायच्या आधी मत बनवतो, म्हणून मत आधी." त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. तुझी सून चांगली शिकवते आहे. रंगीत कार्डं, हातात वस्तू, याच्याहून चांगलं काय शिकवणार? माझ्या वर्गात साठ पोरं आणि एक खडू.

सुनेला पंधरा जणांचा वर्ग मिळेल. तू भिंतीआडून ऐकणं मात्र बंद कर. लहानपणीसुद्धा तू असंच ऐकायचास आणि अर्धं ऐकून ताप काढायचास.

परवान्याचं फोनवर काढणार नाही. पण तुला परत यायचं आहे का, हे एकदा मला सरळ लिही. खोली गेली म्हणजे मिरज गेली असं नाही. आमच्याकडे वरची खोली आहे.

थंडीत कानटोपी घाल.

शैला

बुइटनव्हेल्डर्ट
गुरुवार, २२ डिसेंबर २००५

प्रिय शैला,

परत यायचं का, असं तू विचारलंस. उत्तर लिहायला बसलो आणि दोन कागद फाडले. निकाल लागेपर्यंत तो प्रश्नच नाही, मग उत्तर कशाला?

आज मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. मृण्मयी घट मांडते. इथे आंब्याचे डहाळे मिळत नाहीत, कुठलीतरी पाच पानं आणून लावते. पहिल्या गुरुवारी एक प्रकार झाला, तो तुला सांगतो, कारण घरात सांगितलेला नाही.

त्या दिवशी अकराला पेटी उघडली तर बिलं आणि दुकानांच्या जाहिराती यांत एक कार्ड. पांढरं, चारी बाजूंनी करडा काठ. मी हातात घेतलं आणि गार पडलो. तुला आठवतं, आमच्या छापखान्यात मालक काळ्या चौकटीचा मजकूर लग्नपत्रिकांच्या टेबलावर ठेवू देत नसत. इथेही तीच रीत आहे. उन्हाळ्यात दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी गेली तेव्हा असंच करड्या काठाचं आलं होतं, आणि आशुतोषने वाचून सांगितलं होतं. आताच्या कार्डावर हाताने लिहिलेलं इंग्रजी होतं. 'मदर' एवढा शब्द कळला. कोणाची तरी आई गेली. आशुतोषच्या ऑफिसातल्या कोणाची तरी असेल, तिथे सगळे इंग्रजीतच लिहितात, आणि ऑफिसात त्याला कळेलच. वर देवीचा घट मांडलेला, सून उपाशी बसलेली. अशा वेळी ते घरात न्यायचं? पत्ता कोणाच्या नावाचा तेही न बघता तिथेच जिन्यापाशी उभा राहून चार तुकडे केले आणि कोपऱ्यावरच्या कागदाच्या मोठ्या पेटीत टाकले. खालच्या नळावर हात धुतले आणि वर आलो. आपल्याकडे अप्पा असंच करायचे. वाचायचं, दारातच फाडायचं. बरोबर केलं ना?

दुसरी काळजी वेगळी आहे. त्याच आठवड्यात मंगळवारी वर्गात मृण्मयीने सांगितलं, घरातल्या एखाद्या माणसाचं वर्णन करा. ओकुमुराबाईंनी आईचं केलं. "माय ओल्ड लिटल जेंटल मदर." मृण्मयी हसून म्हणाली, "नो नो, मत आधी!" बाई परत तेच म्हणाल्या. परत दुरुस्त केलं. तीनदा. मियाकेबाई हसल्या. ओकुमुराबाईंनी चौथ्यांदा बरोबर म्हटलं आणि मग तासभर काही बोलल्या नाहीत. जाताना वाकल्या त्या मात्र नेहमीपेक्षा जास्त. मला ते बरं वाटलं नाही. मोठ्या बाईला असं लहान मुलीसारखं तीनदा म्हणायला लावू नये. ऑक्टोबरात त्या दोन आठवडे जपानला जाऊन आल्या तेव्हापासून उतरलेल्याच दिसतात.

आता वर्गाला सुट्टी आहे, दहा जानेवारीपर्यंत. नव्या वर्षाची शुभेच्छापत्रं पाठवली. मृण्मयी साधी घेत होती. मीच म्हटलं, साहेबांची बायको आहे, चांगलं घे. ओकुमुराबाईंसाठी सोनेरी चकाकीचं, फुलबाज्यांचं चित्र असलेलं मी निवडलं. आत मृण्मयीने लिहिलं की नव्या वर्षात हसऱ्या चेहऱ्याने या. चांगलं आहे ना?

दादा

मिरज
शुक्रवार, ६ जानेवारी २००६

दादा,

नवं वर्ष तुला बिनधास्त जावो, म्हणजे तुझ्या बाबतीत थोडं कमी धास्तीचं.

शुभेच्छापत्र चांगलंच आहे. सोनेरी चकाकी पाहून कोणी शिव्या देत नाही. वर्गातल्या दुरुस्तीचं मनावर घेऊ नकोस. शिकायला आलेली बाई दुरुस्तीसाठीच आलेली असते. मी तर सुनीतीबाईंना, आमच्या मुख्याध्यापिकेला, भर सभेत दुरुस्त केलं होतं. त्या आठ दिवस बोलल्या नाहीत, नवव्या दिवशी आपणहून भाषण तपासायला घेऊन आल्या.

त्या फाडलेल्या कार्डाबद्दल मी काही म्हणत नाही. पण कोणाचं होतं, हे तरी बघायचंस. खाली नाव असतं.

रवींद्र म्हणतात, मेव्हण्यांना पेटीची किल्ली दिली म्हणजे टपाल खात्यात बढतीच मिळाली. त्यांनी वरची खोली झाडून घेतली आहे. मी काही विचारत नाही, फक्त कळवते.

शैला

बुइटनव्हेल्डर्ट
मंगळवार, २४ जानेवारी २००६

शैला,

तुझं पत्र वाचलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. खाली नाव असतं, हे तू आधी का नाही लिहिलंस? तरी तू कसं लिहिणार, मीच उशिरा कळवलं.

दहा तारखेला कोणी आलं नाही. मृण्मयीने टेबलावर चहाचे पेले मांडले होते. दहा वाजले, सव्वादहा वाजले. तिने मियाकेबाईंना फोन केला, तर "सॉरी, बिझी, व्हेरी सॉरी." सतराला तेच. आजही तेच. पंधरा जणांच्या वर्गाबद्दल कंपनीतून पत्र यायचं होतं, ते नाही. मी रोज अकराच्या आधीच खाली जाऊन बसतो.

मृण्मयीने काय धरलंय माहीत आहे? तिने तीनदा दुरुस्त केलं म्हणून हे झालं. आशुतोषला सांगत होती (भिंतीआड नव्हतो, समोरच होतो), "मी त्यांच्या वयाच्या बाईला आईबद्दल बोलताना अडवलं. तेही हसत. मी शिक्षिका नाहीच. पुण्यातही सगळे ऐकून घ्यायचे, एवढंच." आशुतोष म्हणाला, "अगं, इट्स जस्ट अ क्लास." ती म्हणाली, "तुझं जस्ट तुझ्यापाशी ठेव." दोन दिवस बोलणं बंद. ती जेवत नाही. मी जेवायला बसतो, कारण नाही बसलो तर 'बाबा, तुम्हाला काय झालं?' असं विचारतात.

गेल्या गुरुवारी मी पेटीपाशी उभा होतो तर दारातून मियाकेबाई आल्या. मृण्मयीने दिलेलं पुस्तक परत करायचं होतं. वर या म्हटलं, तर नको म्हणून हात हलवला. पुस्तक माझ्या हातात दिलं आणि मग हळू आवाजात बोलल्या. त्यांचं इंग्रजी माझ्याएवढंच, म्हणून मला सगळं कळलं. ओकुमुराबाईंची आई ऑक्टोबरात गेली. त्यांच्यात वर्षाच्या शेवटी कार्ड पाठवतात, की आमच्याकडे दुखवटा आहे, यंदा नव्या वर्षाच्या शुभेच्छा नकोत. ओकुमुराबाईंनी ते सगळ्यांना जपानीत पाठवलं. फक्त मृण्मयीला इंग्रजीत, स्वतःच्या हाताने. दोन दिवस बसून लिहिलं. "फर्स्ट इंग्लिश लेटर," मियाकेबाई म्हणाल्या. बोट वर करून. "ओकुमुरासान, फर्स्ट." आणि त्यावर उत्तर गेलं ते फुलबाज्यांचं, हसऱ्या चेहऱ्याने या म्हणून. साहेबांची बायको यायची थांबली, की बाकीच्यांनी यायचं नसतं. त्या रागावलेल्या नाहीत, असंही म्हणाल्या. "नॉट अँग्री. ओन्ली..." आणि छातीवर हात ठेवला. मग वाकल्या आणि गेल्या.

शैला, मी जिन्यात खाली बसलो.

आता तू सांग, मी काय करू? पुस्तक मी वर नेऊन दिलं आणि म्हटलं, मियाकेबाई घाईत होत्या. खोटं नाही, पण खरंही नाही. रोज सकाळी ठरवतो की आज सांगायचं. मृण्मयी समोर येते, डोळे सुजलेले, म्हणते, "बाबा, चहा," आणि माझी जीभ उचलत नाही. सांगितलं तर ती म्हणेल, आठ दिवसांत सांगितलं असतंत तर मी धावत गेले असते. ते खरंच आहे. दिवस जातो तसं सांगणं अवघड होत जातं. आणि न सांगावं तर ती स्वतःला नालायक समजून पुण्याचं तिकीट काढेल. काल कॉम्प्युटरवर विमानाच्या वेळा बघत होती.

कार्डाचे तुकडे कधीच गेले. कागदाची पेटी दर बुधवारी उचलतात. मी जाऊन बघून आलो.

दादा

मिरज
रविवार, ५ फेब्रुवारी २००६

दादा,

पत्र आजच आलं. पोस्टमनला रविवारीसुद्धा तुझी काळजी आहे असं रवींद्र म्हणणार होते, पण वाचताना माझा चेहरा बघून गप्प बसले.

तुला एक सांगायचं आहे. ते बत्तीस वर्षांत सांगितलं नाही.

आई गेली तेव्हा मी साताऱ्याला ट्रेनिंगला होते आणि तू पत्राने कळवलं होतंस. कोपरा फाडलेलं अंतर्देशीय. शेवटच्या ओळीत लिहिलं होतंस, 'वाचून लगेच फाडणे.' नंतर मी आले तेव्हा तू पहिला प्रश्न तोच विचारलास. मी फाडलं म्हणाले. नव्हतं फाडलं. ते अजून माझ्या कपाटात आहे. लग्न होऊन इथे आले तेव्हा साडीच्या घडीत घालून आणलं. त्यात तू लिहिलं आहेस की आईने जाण्याआधी उसाचा रस मागितला आणि तू तो आणेपर्यंत ती गेली. हे तू मला तोंडाने कधीच सांगितलं नाहीस. फाडलं असतं तर मला कुठून कळलं असतं?

घरात ते पत्र असताना माझी दोन मुलं शिकली, शर्मिलाचं लग्न झालं, रवींद्र दोनदा आजारी पडून बरे झाले. चांगलंही झालं, वाईटही झालं, सगळ्यांच्या घरी होतं तसं. पत्रामुळे झालं असं मला कधी वाटलं नाही.

तू चुकीचं वागलास असं म्हणत नाही. अप्पांनी शिकवलं ते तू केलंस, आणि सुनेच्या व्रताला विटाळ नको म्हणून केलंस. पण आता गप्प बसणं हे अप्पांनी शिकवलेलं नाही, ते तुझं स्वतःचं आहे. तिला सांग. ती ओरडेल. ओरडू दे. तुझ्या वयाच्या माणसाला ओरडायला घरात कोणी आहे, हे काय थोडं आहे?

हे पत्र मिळेल त्याच दिवशी सांग. उत्तर पाठवून मला विचारू नकोस.

शैला

बुइटनव्हेल्डर्ट
मंगळवार, २८ फेब्रुवारी २००६

प्रिय शैला,

मिळालं त्याच दिवशी नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी सांगितलं. शनिवार होता, आशुतोष भाजी आणायला गेला होता. मृण्मयी भिंतीवरचा तक्ता काढत होती, मत, आकारमान, वय असा लिहिलेला. काढून गुंडाळी करत होती. मी म्हटलं, "मृण्मयी, जरा वही घे."

"काय झालं, बाबा?"

"मी अक्षरं सांगतो, तू लिही."

तुला माहीत आहे, आमच्या छापखान्यात इंग्रजी मजकूर आला की अर्थ कळायचा नाही, पण अक्षरं बिनचूक लावायचो. जे कळत नाही त्याची अक्षरं जास्त लक्षात राहतात. कार्डावरच्या पहिल्या ओळीची मी एकेक करून सांगितली. मध्ये दोनदा थांबलो, डोळे मिटले, परत सांगितली. शेवटचा शब्द अर्धाच आठवला, तो तिने पुरा केला. मग तिने ती ओळ वाचली. मला अर्थ तिच्या तोंडून कळला. 'माझी प्रेमळ, लहानखुरी, म्हातारी आई ऑक्टोबरात वारली.'

"हे कुठे वाचलंत?" ती म्हणाली.

"फाडलं मी. खाली. पहिल्या गुरुवारी. ओकुमुराबाईंचं होतं. मियाकेबाईंनी पुस्तक दिलं तेव्हा सांगितलं."

ती वहीकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, त्यांनी बरोबर लिहिलंय." आणि रडायला लागली. मला वाटलं, आता बरं वाटलं असेल. तेवढ्यात डोळे पुसून जी उठली! "सव्वा महिना! सव्वा महिना मी स्वतःला खातेय आणि तुम्ही समोर बसून पोहे खाताय! मियाके काय सांगून गेल्या, तेही सांगितलं नाहीत? काय समजता काय तुम्ही मला?" आशुतोष पिशव्या घेऊन आला तो दारातच उभा राहिला. "काय झालं?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या वडिलांना विचार." मग मी त्यालाही सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं असतं असं मला वाटत होतं. नसतं.

ओकुमुराबाईंकडे मी स्वतः जाणार म्हटलं. मृण्मयी म्हणाली, "तुम्हाला दारातून आत येता येत नाही, आमस्टलफेनला कसे जाल?" पण बरोबर आली. ट्राममध्ये शेजारी जागा असून दाराशी उभी राहिली. मी खिडकीतून बघत होतो आणि काय बोलायचं ते ओठांत घोळवत होतो. समोरची बाई उठून दुसरीकडे बसली.

त्यांनी दार उघडलं. मी चपला काढल्या, नीट लावल्या. बसायच्या आधीच म्हणालो, "आय टोअर. कार्ड. शी नॉट रीड. आय." पुढचं पाठ केलेलं सगळं गेलं. मृण्मयीने मग सांगितलं, आमच्याकडे असं पत्र घरात नेत नाहीत, सासऱ्यांनी घर जपायला म्हणून केलं. मला वाटलं होतं ती माझी बाजू घेणार नाही. घेतली.

ओकुमुराबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सॉल्ट." आम्हाला कळेना. त्यांनी उठून दाराकडे बोट केलं आणि अंगावरून काहीतरी शिंपडल्यासारखा हात केला. त्यांच्याकडे अंत्ययात्रेहून आलं की उंबरठ्याबाहेर अंगावर मीठ टाकतात आणि मग आत जातात म्हणे. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सेम, ओतोसान." हसल्या नाहीत. पण सेम म्हणाल्या.

मग त्या आत गेल्या आणि एक कोरं कार्ड घेऊन आल्या, करड्या काठाचं. उरलेलं असावं. टेबलाशी बसून त्यांनी ते पुन्हा लिहिलं. आम्ही दोघं समोर बसलो होतो. एका शब्दापाशी पेन थांबलं, त्यांनी वर मृण्मयीकडे बघितलं. मृण्मयीने मान हलवली, बरोबर आहे म्हणून. पूर्ण झाल्यावर उठून, दोन्ही हातांनी, कार्ड माझ्यासमोर धरलं. मृण्मयीसमोर नाही. मी दोन्ही हातांनी घेतलं. "सेन्सेई, प्लीज," म्हणाल्या. म्हणजे मास्तरणीला द्या.

शैला, मी ते कोटाच्या आतल्या खिशात घालून आणलं. ट्राममध्ये माझ्या छातीला लागत होतं. आमच्या मजल्यावर आलो, मृण्मयीने दार उघडलं आणि स्वतः आत न जाता बाजूला उभी राहिली. माझ्यासाठी थांबली होती. माझा पाय उंबऱ्यावर अडला. अप्पा डोळ्यांसमोर आले. ती म्हणाली, "या बाबा. दार परत लागायच्या आत या." मी आत गेलो आणि कार्ड तिच्या हातात दिलं.

पंधरा जणांचा वर्ग मात्र गेला. कंपनीने जानेवारीतच दुसऱ्या कोणाला दिला होता, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. ते माझ्या चार तुकड्यांनी गेलं, ते परत येत नाही. पुण्याचं ती आता काढत नाही, पण रद्द केलं असंही म्हणालेली नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही. पेटीची किल्ली तिने काढून घेतली नाही. अकराला मी खाली जातो, जे असेल ते तसंच्या तसं वर आणून टेबलावर ठेवतो. परवा सरकारकडून जाड पाकीट आलं होतं. वाटलं, सुटलो. निकाल नव्हता, आणखी कागद मागितले आहेत. सहा महिने लागतील म्हणतात.

आज मंगळवार. दहाला घंटी वाजली आणि तिघी आल्या. मी आतल्या खोलीत होतो, मृण्मयीने दार उघडं ठेवलं होतं. तक्ता परत लावला आहे.

ते कार्ड तिने फडताळावर उभं करून ठेवलंय, माझ्या खुर्चीच्या अगदी समोर. दुखवटा वर्षाचा असतो, तोवर तिथेच राहील म्हणाली. म्हणजे ऑक्टोबरपर्यंत मला त्याच्यासमोर बसून जेवायचं आहे. जेवतो.

वरच्या खोलीबद्दल रवींद्रना सांग, की झाडून ठेवली ते ऐकून बरं वाटलं. मला यायचं आहे, शैला. सरळ लिही म्हणाली होतीस, म्हणून लिहिलं. पण मी आत्ता निघालो तर हे सगळं टाकून पळालो असं होईल, आणि सरकारही सोडत नाही.

आईचं पत्र अजून आहे हे वाचून मी दोन दिवस तुझ्यावर रागावलो होतो. आता नाही. उसाच्या रसाचं मी लिहिलं होतं, हे मी विसरलो होतो. ते फाडू नकोस. पण मला इकडे पाठवूही नकोस. या घरात सध्या एक आहे तेवढं पुरे.

तुझा,
दादा